'संमिश्र प्रतिसाद' म्हणून कथासंग्रह बाजूला ठेवणाऱ्या प्रकाशकांना आणि संपादकांना खुले पत्र

सन्माननीय प्रकाशक आणि संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारे आम्ही कथा वाचणारे, त्यांची मुद्रिते तपासणारे आणि वाचकगटांत त्यांच्यावर चर्चा घडवून आणणारे लोक आहोत. एखाद्या वाङ्मयीन कथासंग्रहावर वाचकांची मते दुभंगली की तुमच्या नोंदीत 'संमिश्र प्रतिसाद' असा शेरा पडतो. त्या शेऱ्याचा अर्थ 'पुस्तक मध्यम' असा लावला जातो आणि दुसरी आवृत्ती, अनुवाद, त्याच लेखकाचा पुढचा संग्रह, सगळेच लांबणीवर पडते. आमचे म्हणणे असे, की त्या नाराजीतला बराच भाग कथांविषयी नसतोच. पुस्तक कसे रचले, छापले आणि विकले याविषयी तो असतो. म्हणजे तुमच्याविषयी.

आधी हिशेबाचे बोलू. वीस वाचकांनी एका संग्रहाला पाचापैकी तीन-तीन गुण दिले, सरासरी ३. दुसऱ्या संग्रहाला दहा वाचकांनी ५ दिले आणि दहांनी १, सरासरी पुन्हा ३. पहिले पुस्तक कुणालाच नको आहे. दुसऱ्याला दहा पक्के वाचक आहेत, आणि ते ते पुस्तक इतरांच्या हाती कोंबल्याशिवाय राहणार नाहीत. तुमच्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाच रांगेत बसतात. कादंबरीच्या बाबतीत ही चूक एक वेळ खपून जाते, कारण तिथे मत एका वस्तूवर असते. संग्रहात बारा स्वतंत्र वस्तू असतात आणि वाचक त्या बारांचा मिळून एक आकडा देतो. एकाला पहिली, चौथी आणि नववी आवडली, दुसऱ्याला नेमक्या त्याच नाही. दोघेही 'काही कथा चांगल्या, काही ठीक' असेच लिहितात. या वाक्यातून तुम्हाला काय कळले? काहीच नाही. तरी निर्णय त्याच्यावरच होतात.

आता तक्रारींकडे येऊ. सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'कथा अर्धवट संपते'. ती वाचून तुम्ही लेखकाला शेवट 'थोडा स्पष्ट' करायला सांगता. त्याआधी छापील पुस्तक उघडून त्या कथेचे शेवटचे पान पाहा, एवढीच विनंती आहे. तीस ओळींच्या पानावर कथेची शेवटची ओळ एकोणतिसाव्या किंवा तिसाव्या ओळीवर आली असेल आणि ते पान उजवे असेल, तर वाचक पान उलटतो. पलीकडे दुसऱ्याच कथेचे शीर्षक. त्या क्षणी त्याच्या मनात शेवट घडत नाही, त्याला काहीतरी हिसकावून घेतल्यासारखे वाटते. शेवट खुला असेल तर हा धक्का दुप्पट बसतो. वाक्य तेच, पण खाली अर्धे पान कोरे असते तर त्याच वाचकाने ते पुन्हा एकदा वाचले असते. उलट टोकही वाईटच: शेवटच्या पानावर दोनच ओळी उरल्या, तर पान उलटताच शेवट डोळ्यांत भरतो आणि त्याआधीचा ताण सुटतो. अंतिम मुद्रितात प्रत्येक कथेच्या शेवटच्या पानावर निदान सहा ओळी मजकूर आणि निदान पाव पान कोरे, एवढे पाहिले तरी 'अर्धवट' म्हणणाऱ्यांची संख्या घटेल. ई-पुस्तकात हे आणखी बिघडते. तिथे वाचकाला पुस्तक किती टक्के झाले ते दिसते, कथा किती उरली ते दिसेलच असे नाही. प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू करणे ही तिथली किमान गरज. श्राव्य आवृत्तीत दोन कथांमध्ये अनेकदा जेमतेम काही सेकंदांची शांतता ठेवतात. ती परिच्छेद बदलायला पुरते, कथा संपायला नाही.

दुसरी तक्रार 'काळाचा गोंधळ होतो, मध्येच काहीतरी सुटले आहे' अशी. ही बहुतेक वेळा अक्षरजुळणीत जन्मते आणि लेखकाच्या माथी मारली जाते. लेखक दोन प्रसंगांच्या मध्ये एक ओळ रिकामी सोडतो. फाईल मांडणीकाराकडे जाते, तो जागोजागच्या फालतू 'एंटर' साफ करण्यासाठी एकाच आज्ञेत दोन परिच्छेदखुणांची एक करतो आणि सगळ्या रिकाम्या ओळी नाहीशा होतात. पात्र एका वाक्यात शाळेत असते, पुढच्या वाक्यात निवृत्त. साफसफाईतून एखादी रिकामी ओळ वाचलीच, तर ती नेमकी पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर येते आणि तिथे ती दिसत नाही. उपाय स्वस्त आहे. हस्तलिखितातच रिकाम्या ओळीच्या जागी तीन तारका घालायला लावा. मांडणीत त्या तारकांना स्वतंत्र शैली द्या, म्हणजे आतल्या पानांवर त्यांची रिकामी ओळ करता येईल आणि पानाच्या कडेला आल्या तर तारकाच राहतील. शेवटी हस्तलिखितातल्या तारका मोजा, मुद्रितातले खंड (प्रसंग बदलल्याच्या खुणा) मोजा. आकडे जुळले नाहीत तर पुस्तक छापायला सोडू नका. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या कथांत अवतरणचिन्हेही गळतात किंवा बदलतात, मग संवाद कोणाचा आणि मनातला विचार कोणाचा हे कळत नाही. वाचक त्याला 'प्रायोगिक शैली' म्हणतो. काही समीक्षकही म्हणतात.

तिसरी गोष्ट कथांच्या क्रमाची. तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि नुकसान सर्वांत जास्त तिथेच होते.

सगळीकडे चालणारा हिशेब असा: सर्वांत चांगली कथा पहिली, तिच्या खालोखालची शेवटी, उरलेल्या मध्ये. परिणामी 'सुरुवात दमदार, मधल्या कथा सैल' हे वाक्य प्रत्येक संग्रहाच्या नशिबी लिहून ठेवल्यासारखे येते. मधल्या कथा सैल असतातच असे नाही. पण सातवी आणि आठवी दोन्ही प्रथमपुरुषी, दोन्ही आजारपणाच्या, दोन्ही मृत्यूवर संपणाऱ्या असतील, तर आठवी कितीही चांगली असो, वाचकाला ती सातवीची नक्कल वाटणार. क्रम ठरवताना प्रत्येक कथेसाठी एक कार्ड करा. त्यावर निवेदक कोण, काळ आणि जागा, पाने किती, शेवट कसा (घटना, संवाद, प्रतिमा), आणि मुख्य पात्रांची नावे लिहा. कार्डे टेबलावर मांडा. शेजारच्या दोन कार्डांवर तीन गोष्टी सारख्या आल्या की एक हलवा. मग प्रत्येक कथेचा शेवटचा परिच्छेद आणि पुढच्या कथेचा पहिला परिच्छेद सलग मोठ्याने वाचा. आवाजाचा पोत बदलत नसेल तर तिथे वाचक पुस्तक खाली ठेवणार. नावांची यादी वेगळी करा. वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या दोन कथांत एकच नाव आले असेल, तर वाचक त्या एकमेकींना जोडायला बसतो आणि धागा जुळत नाही म्हणून चिडतो. सर्वांत लांब कथा पहिली कधीही नको. ती दोनतृतीयांश पुस्तक झाल्यावर ठेवा, तोपर्यंत वाचकाचा लेखकावर विश्वास बसलेला असतो. सर्वांत अवघड कथा तिसरी किंवा चौथी. शीर्षककथेचे आमचे मत थोडे हट्टी आहे: ती पुस्तकाच्या पहिल्या एकतृतीयांश भागातच असावी, कारण अनेक वाचक अनुक्रमणिका पाहून तिच्यावरच उडी मारतात आणि ती शेवटी असेल तर संग्रह उलटा वाचला जातो.

क्रम म्हणजे निव्वळ सजावट असे कुणाला वाटत असेल तर आयरिश लेखक जेम्स जॉइसचे उदाहरण घ्या. त्याचा कथासंग्रह 'डब्लिनर्स' १९०५ साली प्रकाशकाकडे गेला तेव्हा त्यात बारा कथा होत्या, १९१४ साली छापून आला तेव्हा पंधरा. बालपण, तारुण्य, प्रौढ वय आणि सार्वजनिक जीवन असा क्रम जॉइसने स्वतः ठरवून प्रकाशकाला कळवला होता. शेवटची दीर्घ कथा १९०७ मध्ये लिहिली गेली. ती सगळ्या पुस्तकानंतर येते म्हणूनच तिचा भार जाणवतो.

भरतीच्या कथेबद्दल बोलायलाच हवे, कारण 'एक-दोन कथा नसत्या तरी चालले असते' हे वाक्य वाचक उगाच लिहीत नाहीत. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापले जाते. एकअष्टमांश डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. अकरा कथा, सरासरी तेरा पानांच्या, म्हणजे १४३ पाने. सुरुवातीची शीर्षकपान, श्रेय, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका वगैरे आठ धरली तर १५१. नऊ फॉर्म म्हणजे १४४, त्यात मावत नाही. दहा म्हणजे १६०, नऊ पाने रिकामी. इथे लेखकाला फोन जातो: 'अडीच हजार शब्दांची एखादी छोटी कथा पडून आहे का?' पडून असतेच. ती पडून का होती, हे कोणी विचारत नाही. त्याऐवजी प्रत्येक कथा उजव्या पानावर सुरू करा. अकरांपैकी सुमारे निम्म्या कथा उजव्या पानावर संपतील, म्हणजे पाच-सहा कोरी पाने त्यातच जातील. दोन पाने पूर्वप्रसिद्धीच्या नोंदींना, एक लेखकाच्या इतर पुस्तकांना. फॉर्म भरला, भरतीची कथा टळली आणि शेवटांना हवी असलेली मोकळी जागाही मिळाली.

पूर्वप्रसिद्धीच्या त्या नोंदी कंजूषपणे देऊ नका. कथा कोणत्या नियतकालिकात, कोणत्या वर्षी आली हे अनुक्रमणिकेजवळच हवे. 'तेच तेच विषय' या तक्रारीमागे पुष्कळदा कालखंड न कळणे असते. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक २०२५ साली प्रथमच एका कथासंग्रहाला मिळाले, बानू मुश्ताक यांच्या, दीपा भास्ती यांनी कन्नडमधून इंग्रजीत आणलेल्या संग्रहाला. त्यातल्या बारा कथा १९९० ते २०२३ या काळातल्या आहेत. तेहतीस वर्षांत एकच लेखिका त्याच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळते तेव्हा तो तिचा शोध असतो. त्याच कथा सलग आठवड्याभरात वाचणाऱ्याला मात्र ती पुनरुक्ती वाटू शकते. वर्षे समोर असली तर वाचक स्वतःच हा फरक करतो, त्याला प्रस्तावनेतून पटवावे लागत नाही.

आणि प्रस्तावना. ती शेवटी टाका. दहा कथांचे सार आणि चारांचे शेवट सांगून झाल्यावर 'कथा धक्का देत नाहीत' असे वाचकाने म्हटले तर त्याचा काय दोष?

मुखपृष्ठावर 'कथासंग्रह' हा शब्द छापायला काहीजण आता कचरतात, कादंबरी जास्त खपते म्हणून. मलपृष्ठावर 'एका घराण्याची, एका काळाची विलक्षण कहाणी' असे लिहायचे आणि आत तेरा सुटे संसार. मग तिसऱ्या कथेपर्यंत पहिलीतली पात्रे परत का आली नाहीत म्हणून वाचक शोधत बसतो आणि तळटीप लिहावी तसा एक गुण कापतो. त्याने कथा नाकारलेल्या नाहीत, फसवणूक नाकारली आहे. लेबलाचा परिणाम किती असतो ते अमेरिकी लेखिका शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी' या कथेच्या वेळी दिसले. २६ जून १९४८ च्या 'न्यू यॉर्कर'मध्ये ती छापली गेली आणि त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेहून अधिक पत्रे आली, बहुतेक गोंधळलेली किंवा संतापलेली. कथेतले चिठ्ठ्या काढून एकाला दगडांनी मारण्याचे प्रकार कुठे चालतात, पाहायला जाता येईल का, असे विचारणारेही त्यांत होते. ते साप्ताहिक त्या काळी कथेवर 'कथा' असे छापत नसे. आज ती कथा अभ्यासक्रमांत आहे. म्हणजे पत्रांचा ढीग पाहून कथेची किंमत ठरवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला असता.

संपादनाच्या कात्रीचाही हिशेब ठेवा. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ च्या संग्रहातल्या सतरा कथांचा निम्म्याहून अधिक मजकूर संपादक गॉर्डन लिश यांनी कापला होता. मूळ रूपातल्या कथा २००९ मध्ये, कार्व्हर यांच्या मृत्यूनंतर, स्वतंत्र पुस्तक म्हणून आल्या. मधली अनेक वर्षे त्या तुटकपणावर भाळणारे आणि वैतागणारे दोघेही लेखकाच्या नावाने बोलत होते, संपादकाच्या कामाबद्दल. तुमच्याकडे प्रत्येक कथेची लेखकाने दिलेली प्रत, संपादित प्रत आणि छापलेली प्रत अशा तिन्ही जपून ठेवा. 'तुटक वाटते' अशी तक्रार एकाच कथेवर चार ठिकाणांहून आली, तर आधी पहिल्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहा. नेमका कापलेला परिच्छेदच तिथे आधार देत होता असे आढळण्याची शक्यता बरीच असते.

हे सगळे पुस्तक छापून झाल्यावर कळून उपयोग नाही, म्हणून मते आधी घ्या, आणि नीट घ्या. अंतिम मुद्रितापूर्वी सहा वाचक निवडा, लेखकाचे स्नेही नकोत. तिघे नेहमी कथा वाचणारे, तिघे फक्त कादंबऱ्या वाचणारे. बारा कथांसाठी तीन आठवडे द्या आणि दिवसाला एकच कथा वाचायला सांगा. मेव्हिस गॅलंट या कथाकार बाईंनी वाचकांना हेच बजावले होते की कथा म्हणजे कादंबरीची प्रकरणे नव्हेत, एक वाचा, पुस्तक मिटा, दुसरे काही वाचा, मग परत या. (ही सूचना पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायलाही हरकत नसावी.) महत्त्वाचे म्हणजे वाचकांच्या तीन जोड्यांना तीन वेगवेगळ्या क्रमांनी कथा द्या. नाहीतर दहाव्या कथेपर्यंत आलेला थकवा तुम्ही दहाव्या कथेच्या खात्यावर मांडाल.

'आवडली का' असे विचारू नका. त्याला 'हो, छान आहे' याखेरीज उत्तर येत नाही. प्रत्येक कथेवर चारच प्रश्न ठेवा. वाचताना कुठे थांबलात किंवा मागचे पान उलटून पाहिलेत? काय घडले ते दोन वाक्यांत सांगा. शेवटची ओळ वाचल्यावर आणखी पान असेल असे वाटले का? ही कथा कोणाला वाचायला द्याल? सगळे झाल्यावर प्रत्येकाकडून ठळक लक्षात राहिलेल्या तीन आणि नकोशा झालेल्या तीन कथांची नावे घ्या.

आता ही उत्तरे वाचायची कशी? काय घडले हेच सहांपैकी चौघांनी चुकीचे सांगितले, आणि तेही एकाच तऱ्हेने चुकीचे, तर दोष मजकुरात किंवा मांडणीत आहे. तो शोधा आणि दुरुस्त करा. घटना सगळ्यांनी बरोबर सांगितली, पण तिचा अर्थ प्रत्येकाने निराळा लावला, तर तिथे हात लावू नका. कथा तिचे काम करते आहे. सगळ्यांनी एकाच पानावर मागे वळून पाहिले असेल तर ते पान तपासा, नव्वद टक्के वेळा तिथे हरवलेला खंड किंवा संदिग्ध सर्वनाम सापडते (टक्केवारी आमच्या चिडचिडीची आहे, मोजणीची नाही). तिघांच्या 'लक्षात राहिलेल्या' आणि तिघांच्या 'नकोशा' यादीत एकच कथा आली, तर ती संग्रहात राहायलाच हवी. चर्चा तिच्यावरच होणार. धोक्याची कथा ती, जी छत्तीस उल्लेखांत एकदाही आली नाही. कोणाला आवडली नाही, कोणाला खटकलीही नाही. ती काढा. लेखक नाराज होईल, होऊ द्या.

खरा दोष कथांतच असतो तेव्हा तो लपवण्याचा आमचा हेतू नाही. सगळ्या कथांची शेवटची वाक्ये एका कागदावर उतरवून सलग वाचा. बारांपैकी सातांत कोणीतरी खिडकीबाहेर पाहत असेल तर वाचकाचा कंटाळा रास्त आहे. संवादांतले 'तो म्हणाला, ती म्हणाली' झाका. माणसे आवाजावरून ओळखू येत नसतील तर 'सगळी पात्रे लेखकासारखीच बोलतात' हा शेरा मान्य करा. या दोषांना कोरी पाने आणि क्रम उपयोगी पडत नाहीत. ते लेखकाशी बसूनच सोडवावे लागतात, आणि छापण्यापूर्वी.

आज तुमच्या कपाटात 'संमिश्र' शेऱ्याचे जे संग्रह पडून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. प्रत्येकावरचे सगळे अभिप्राय काढा आणि पुस्तकावर न मांडता कथानिहाय मांडा. प्रत्येक तक्रारीपुढे एकच अक्षर लिहा: लेखनाची असेल तर 'ले', मांडणीची 'मां', क्रमाची 'क्र', जाहिरातीची 'जा'. शेवटची तीन अक्षरे मिळून निम्म्याहून जास्त भरली, तर मजकुरातला एक शब्दही न बदलता दुसरी आवृत्ती काढता येईल. खंड पुन्हा बसवा, शेवटांना जागा द्या, मलपृष्ठ नव्याने लिहा, प्रस्तावना मागे न्या. कथांचा क्रम बदललात तर लेखकाच्या संमतीने बदला आणि श्रेयपानावर तसे स्पष्ट छापा, कारण पहिल्या आवृत्तीवरची जुनी मते जुन्या क्रमाची असतील आणि नव्या वाचकाला ते कळायला हवे.

कळावे,
आपले,
कथा वाचणारे, तपासणारे आणि वाचकांच्या हाती देणारे काहीजण